गावच्या तळ्याचे सुशोभीकरण: ग्रामसभेआधी काठाविषयी आणि पाण्याविषयी काही प्रश्न

बांधावरून (तिसवाडी, गोवा)

आमच्या गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव पुढच्या ग्रामसभेत चर्चेला येणार आहे. पंचायतीच्या फलकावर लावलेल्या आराखड्यात तळ्याला तिन्ही बाजूंनी काँक्रीटची उभी संरक्षक भिंत, भिंतीला लागून पेव्हर घातलेला चालण्याचा मार्ग, दिव्यांचे खांब, मध्यभागी कारंजे आणि संपूर्ण तळाचा गाळ एकाच उन्हाळ्यात उपसणे अशी कामे दाखवली आहेत. तळ्यावर पैसा खर्च करण्याची तयारी होते आहे याचे मला मनापासून समाधान आहे. परंतु या आराखड्याने तळ्याचा सर्वांत जिवंत भाग नाहीसा होईल आणि पाणी ज्या कारणांमुळे बिघडले आहे त्यांपैकी एकही दूर होणार नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ते येथे सविस्तर मांडतो. जाणकारांनी त्यातले दुबळे दुवे दाखवावेत, म्हणजे ग्रामसभेत नेमके बोलता येईल.

गोव्यातली पुष्कळ तळी गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, काळात व्हाळाला (ओढ्याला) मातीचा बांध घालून तयार केलेली आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस मानस (पाणी अडवण्याचे फळ्यांचे दार) बंद करायची, पाणी साठवायचे आणि त्यावर खालच्या शेतांत वायंगण (पावसाळ्यानंतरचे भाताचे दुसरे पीक) पिकवायचे, अशी त्यांची रचना. म्हणून ही तळी उथळ आहेत. बांधाच्या बाजूला पाणी सर्वांत खोल असते आणि समोरच्या बाजूला जमीन इतक्या हलक्या उताराने वर जाते की पाणी कुठे संपले आणि शेत कुठे सुरू झाले हे पावसाळ्यात सांगता येत नाही. हा उतार म्हणजेच तळ्याचा खरा काठ. खोल पाण्यात बुडालेली पाणवनस्पती, त्याच्या अलीकडे कुमुद आणि कमळ, गुडघाभर पाण्यात लव्हाळे आणि देवभात, मग वर्षातले काही महिनेच भिजणारे गवत आणि त्याच्याही वर केवडा, उंबर, करंज अशी झाडे, असा क्रम त्या उतारावर लागतो. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात जाऊन पाहिले की बदकांचे थवे मोकळ्या पाण्यावर दिसतात, पण त्यांचे खाणे आणि लपणे याच काठाच्या वनस्पतींवर अवलंबून असते हेही लक्षात येते.

उभी भिंत घातली की हा क्रम एका रेषेत संपतो. भिंतीच्या आत सगळीकडे सारखे पाणी आणि बाहेर पेव्हर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ओसरू लागते तेव्हा उताराच्या काठावर दर आठवड्याला ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर तुतवार, पाणटिवळे, बगळे चरतात. भिंतीच्या तळ्यात असा पट्टा उघडा पडतच नाही. बेडूक आणि कासवे यांना बाहेर येण्याची वाटही उरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमचे तळे पठाराच्या पायथ्याशी आहे. पणजी आणि जुने गोवे यांच्यामधल्या पठाराखाली चिंबल आणि करमळी ही गावे आणि त्यांची तळी आहेत, तशीच आमच्याकडचीही स्थिती आहे. जांभा दगडाचा सडा (खडकाळ पठार) पावसाचे पाणी पितो आणि महिनोन्महिने झऱ्यांच्या वाटे सोडत राहतो. भर उन्हाळ्यात तळ्यात जे काही नवे पाणी येते ते या झऱ्यांचे. सड्यावर इमारती, रस्ते आणि फरशी वाढली की तेच पाणी जूनच्या पहिल्या सरींबरोबर माती घेऊन एकदम खाली येते आणि एप्रिलमध्ये झरी आटलेली असते. त्यातच नव्या वसाहतींच्या शोषखड्ड्यांतले पाणी त्याच सच्छिद्र दगडातून झिरपत खाली उतरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, त्यामुळे वर काय केले याचा परिणाम खाली फार लवकर दिसतो. आराखड्यात पठाराचा आणि तळ्यात येणाऱ्या दोन व्हाळांचा उल्लेखसुद्धा नाही.

माझे प्रश्न असे. भिंतीऐवजी काठ कसा राखता येईल? गाळ काढावा का, आणि काढावा तर किती? आणि सांडपाण्याचा प्रश्न पंचायतीच्या पातळीवर कोणत्या टोकाने हाती घ्यावा?

पाणकणीस

काठाविषयी आपण लिहिले आहे त्यात वेळापत्रकाची भर घालतो, कारण चांगल्या हेतूने केलेले कामही चुकीच्या महिन्यात केले तर एका पिढीची पिल्ले मरतात. अडई, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी हे आपल्या तळ्यांवरचे स्थानिक पक्षी पावसाळ्यात वीण करतात. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात काठाची ‘सफाई’ म्हणजे घरट्यांची सफाई. तलवार बदक, चक्रांग, थापट्या हे पाहुणे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतात आणि मार्चपर्यंत परततात. गाळाचे किंवा मातीचे काम करायला त्यामुळे एप्रिल आणि मे हेच महिने उरतात, तेही पहिल्या पावसाच्या आत आवरले पाहिजे.

दिव्यांच्या खांबांना माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. अडई रात्री चरते. संध्याकाळी तळ्यावरून उठून शेतांकडे जाणारे त्यांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे ठाऊक असेल. तळ्याच्या चारही बाजूंनी रात्रभर उजेड ठेवला तर विसावा आणि चरणे दोन्ही बिघडते. लोकांनी तळ्यावर यावे, मुलांना पक्षी दाखवावेत, हे मला हवेच आहे. पण त्यासाठी गावातले लोक आजही ज्याच्यावरून चालतात तो बांध पुरेसा आहे. चालण्याचा मार्ग तेवढ्या एका बाजूला ठेवावा, तिथेच कमी उंचीचे, जमिनीकडे तोंड असलेले दिवे लावावेत आणि समोरचा उताराचा काठ पूर्ण अंधारात आणि शांत राहू द्यावा.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या तळ्याची नोंद त्यात नसेल तर या वर्षीच सुरू करा. आराखड्याविरुद्ध किंवा बाजूने बोलताना गावाकडे स्वतःच्या नोंदी असल्या पाहिजेत.

चिरेबंदी (मडगाव)

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. भिंतीची मागणी बहुधा तीन कारणांनी येते आणि तिन्ही कारणे खरी आहेत. मातीचा बांध पावसाळ्यात खचतो आणि फुटला तर खालची शेते जातात. काठ मोकळा असला की हळूहळू भराव पडतो, आधी शेड येते, मग घर येते. आणि वाहन थेट पाण्यापर्यंत जाऊ शकले की रात्री कचरा आणि बांधकामाचा राडारोडा टाकला जातो. आपण भिंत नको म्हणत असाल, तर या तिन्ही गोष्टींना उत्तर द्यावे लागेल; नाहीतर ग्रामसभेत लोक भिंतीच्याच बाजूने हात वर करतील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

बांधावरून

आपला मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही हे मला मान्य आहे.

बांध मजबूत केलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. बांध आणि उताराचा काठ या दोन वेगळ्या जागा आहेत आणि आराखड्यात दोघांना एकच उपाय लावला आहे, ही माझी तक्रार आहे. राहिला अतिक्रमणाचा प्रश्न. भिंत नेहमी कोठे बांधली जाते ते पाहावे. यंत्र उभे करायला कोरडी जागा लागते म्हणून मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना, त्या कमी पाण्याच्या कडेने भिंत उभी राहते. पावसाळ्यात जो उतार पाण्याखाली असतो तो भिंतीच्या बाहेर राहतो. मग मागे भराव घालून ती जागा सपाट केली जाते आणि दोन-चार वर्षांत ती तळ्याची नव्हतीच असे वाटू लागते. अशी भिंत अतिक्रमण थांबवत नाही, उलट तळ्याची एक कड कायमची कोरडी करून देते. सीमा हवी असेल तर ती ऑगस्टमधल्या पाण्याच्या रेषेवर, सर्वे नकाशाशी ताडून आणि दगड रोवून आखावी, आणि त्या रेषेवर केवडा लावावा. केवड्याच्या काटेरी दाट रांगेतून ट्रक जात नाही.

कलम_आणि_कायदा

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात एक अडचण आहे.

पाणथळ जागा (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्याखाली अधिसूचित पाणथळीत अतिक्रमण, कचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि पाणथळीचा इतर कामांसाठी वापर करणे यांना मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होड्यांचे धक्के सोडले तर, कायमचे बांधकाम करता येत नाही. याच रेषेमुळे वर सुचवलेली ऑगस्टमधली आखणी फार महत्त्वाची ठरते. मात्र नियमांतल्या व्याख्येतून भातशेती, नदीचे पात्र आणि सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय वगळले आहेत. गोव्यातली गावतळी मुळात सिंचनासाठीच बांधलेली असल्यामुळे हा अपवाद आपल्यावर नेमका बसवला जाऊ शकतो.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. कुडचडे येथील नंदा तळे हेही मानशीच्या आधारे पाणी साठवून खालच्या बाजूला भात पिकवणारे तळे आहे आणि २०२२ मध्ये तेच गोव्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झाले. शिवाय राष्ट्रीय पाणथळ सूचीतल्या २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिलेला आहे. आपल्या तळ्याचे क्षेत्र पावसाळ्यातल्या पाण्यावरून मोजून घ्या, सूचीत नाव आहे का ते पाहा आणि ग्रामसभेच्या ठरावासह गोवा राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे अधिसूचनेचा अर्ज करा. कोमुनिदादची (गावकारीच्या संस्थेची) संमती आधी घेतली तर पुढचे पुष्कळ वाद टळतील.

प्रयोगशाळा_फोंडा

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांसह तळ्यांचे पाणी तपासतो. सांडपाण्याविषयी जे विचारले आहे त्याचे उत्तर देण्याआधी पाणी नेमके कसे बिघडते ते समजून घेऊ, कारण कारंजे लावून पाणी सुधारेल असा समज सगळीकडे आहे.

उथळ तळ्यातले पाणी साधारण दोन अवस्थांपैकी एकीत असते. एकीत ते स्वच्छ असते, तळापर्यंत उजेड पोहोचतो, तळाशी वनस्पती वाढतात, त्या गाळ धरून ठेवतात आणि पाणी आणखी स्वच्छ राहते. दुसरीत ते हिरवे गढूळ असते, उजेड खाली जात नाही, तळाच्या वनस्पती मरतात, गाळ उसळत राहतो आणि पाणी आणखी गढूळ होते. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. पहिलीतून दुसरीत जाणे सोपे असते, उलटा प्रवास फार कठीण असतो, कारण त्यासाठी पोषकद्रव्यांचे प्रमाण पूर्वी होते त्याच्याही खाली आणावे लागते.

ती पोषकद्रव्ये म्हणजे मुख्यतः फॉस्फरस आणि नायट्रोजन. ती मैल्यातून, साबणाच्या पाण्यातून, शेतातल्या खतातून आणि वाहून आलेल्या मातीतून येतात. आपल्या लाल मातीत लोह भरपूर आहे, आणि पाण्यात प्राणवायू असेपर्यंत हे लोह फॉस्फेटला बांधून गाळात ठेवते. पण जलपर्णीने पृष्ठभाग झाकला, खाली कुजणे वाढले आणि तळाशी प्राणवायू संपला की हा बंध सुटतो आणि वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणून बाहेरचे सांडपाणी बंद केल्यावरही काही वर्षे तळे सुधारताना दिसत नाही आणि लोक धीर सोडतात. कारंजे वरच्या थोड्या पाण्यात हवा मिसळते. गाळातल्या साठ्याला ते हात लावत नाही.

जलपर्णी आणि साल्विनिया (तशीच पाण्यावर तरंगत पसरणारी वनस्पती) काढणे आवश्यक आहे, पण काढलेला ढीग काठावर सोडून दिला तर पहिल्या पावसात तेच खत परत तळ्यात जाते. जलपर्णी म्हणजे जवळजवळ पंचाण्णव टक्के पाणी. ती काठापासून दूर नेऊन वाळवावी आणि खत करावे, मात्र कारखान्यांचे किंवा गॅरेजांचे पाणी येत असेल तर त्या खतातल्या जड धातूंची तपासणी केल्याशिवाय ते भाजीला घालू नये. तिचे बी चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते आणि पाणी उतरून चिखल उघडा पडला की रुजते, त्यामुळे एका मोहिमेने काम संपत नाही. पावसाळ्यानंतर रोपे लहान असताना दर काही आठवड्यांनी हाताने उपटणे हे यंत्राच्या एका मोठ्या फेरीपेक्षा अधिक उपयोगी पडते. साल्विनियावर एक भुंगा १९८०च्या दशकात बंगळूर आणि केरळमध्ये सोडण्यात आला आणि केरळच्या कालव्यांत त्याने फार चांगले काम केले. अशा उपायांचा विचार आपल्या संशोधन संस्थांच्या सल्ल्याने जरूर व्हावा, स्वतःहून कोणी कीटक आणून सोडू नयेत.

आता मूळ प्रश्न. ज्या ठिकाणी व्हाळ तळ्याला मिळतो तिथे पाणी तपासायला सुरुवात करा, मध्यभागी नव्हे. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष असे आहेत की विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि मैल्यातल्या जीवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे ५०० असावे, फार तर २,५०० पर्यंत चालावे. दोन व्हाळांपैकी कोणता अधिक दूषित आहे हे एकदा कळले की त्याच्या कडेने वर चालत जायचे आणि प्रत्येक वळणावर नमुना घ्यायचा. मैला कोणत्या वाड्यातून येतो ते अशा रीतीने उघड होते आणि मग पंचायतीला अमुक गटारावर, अमुक शोषखड्ड्यावर बोट ठेवता येते. व्हाळ तळ्यात शिरण्याआधी त्याचे पाणी उथळ, लव्हाळ्यांनी भरलेल्या पट्ट्यातून सावकाश जाऊ दिले तर गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस तिथेच बराच अडतो. परंतु तो पट्टा मैला शुद्ध करणारा प्रकल्प नाही. शोषखड्ड्यांचे पाणी मुळातच थांबवावे लागेल.

वायंगणी (कुडतरी)

आमच्या साष्टीतल्या कुडतरीला भाताचे कोठार म्हणत आले आहेत आणि ते तळ्यांमुळे. मी शेतकरी आहे. वरची चर्चा वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट राहून गेली असे वाटते. हे तळे चालवले जात होते. चालवणारी माणसे आणि नियम होते. सरदाचे (पावसाळी भाताचे) पीक निघाले की मानस बंद व्हायची, नोव्हेंबर-डिसेंबरात वायंगणाची लावणी व्हायची, पाणी कोणत्या शेताला कोणत्या दिवशी जाईल हे ठरलेले असायचे, आणि पीक निघाल्यावर उरलेले पाणी सोडून तळ उन्हाला उघडा केला जायचा. त्या वेळी गावातले लोक मासे धरायचे, त्याचा लिलाव व्हायचा, आणि वरचा काळा गाळ शेतकरी आपल्या शेतात न्यायचे. दरवर्षी थोडा थोडा गाळ निघत असे, म्हणून तो कधी साठून राहिला नाही.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि ते न्यायाचेच होते. पण कोमुनिदाद जे बांधाचे आणि मानशीचे काम बघत होती ते पुढे कूळ संघटनांकडे आले आणि पुष्कळ गावांत ते कोणीच बघेनासे झाले. वायंगण सोडले गेले तसे पाणी कोणासाठी साठवायचे हा प्रश्नही उरला नाही. जिथे वायंगण चालू आहे तिथले तळे तुलनेने बरे आहे, हे आपण स्वतः फिरून पाहावे.

त्यामुळे गाळाविषयी माझे उत्तर असे की सगळा गाळ एका उन्हाळ्यात काढू नये. तळाशी चिकण मातीचा थर असतो, त्याच्यावरच पाणी टिकते. खोदकामाचे यंत्र तो थर फोडून खाली जांभ्यापर्यंत गेले की तळे जानेवारीतच रिकामे होते. तळ्याचे तीन-चार भाग करून दर उन्हाळ्यात एकाच भागातला वरचा मऊ गाळ काढावा, उताराचा काठ अजिबात खरवडू नये, आणि निघालेला गाळ शेतकऱ्यांना फुकट द्यावा. ठेकेदाराला घनमीटरवर पैसे मिळतात, तो जितके खोल जाईल तितका त्याचा फायदा. मोजमाप कोण बघणार हे कामाच्या आदेशात लिहिलेले असले पाहिजे.

डिचोलीहून

आमच्या भागात गाळाचे दुसरे रूप आहे. खाणींच्या डंपांवरून (टाकाऊ मातीच्या ढिगांवरून) पावसात आलेली माती व्हाळांत, शेतांत आणि तळ्यांत बसली आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तरी उघडे डंप दर पावसाळ्यात वाहतच राहिले. ही माती शेतात नेण्याजोगी नसते. ती बसते आणि कडक होते. म्हणून कुडतरीच्या शेतकऱ्यांनी सांगितलेला उपाय करण्याआधी गाळ कुठून आला आहे ते प्रत्येक गावाने पाहावे. डोंगर कापून घरे उभारण्याचे काम वर चालू असेल तर आपल्या तिसवाडीतही हीच स्थिती येईल, आणि अशा वेळी वरच्या बाजूला माती अडवल्याशिवाय तळ्यातला गाळ काढणे म्हणजे दरवर्षी तोच खर्च.

थिगूर

माशांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पहिल्या पावसात व्हाळाच्या धारेला उलटे चढून मासे शेतांत आणि तळ्याच्या उथळ काठावर अंडी घालायला येतात. उभी भिंत, उंच उंबरा असलेली सिमेंटची मानस आणि काँक्रीटने बांधून काढलेला व्हाळ या तिन्ही गोष्टी त्यांची वाट तोडतात. नवी मानस बांधायची असेल तर तिच्या एका बाजूला दगडांची हलकी उतरण ठेवावी, म्हणजे चढणीच्या माशांना वर येता येईल. याच दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे मोठ्या प्रमाणात पकडले जातात. निदान तळ्याच्या तोंडाशी जून-जुलैत मासेमारी बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते.

तळ्यात ‘मत्स्यबीज’ सोडण्याचा कार्यक्रम सुशोभीकरणाच्या उद्घाटनाला हमखास ठेवला जातो. त्यात तिलापिया किंवा आफ्रिकन मांगूर असेल तर स्पष्ट नकार द्या. आफ्रिकन मांगूरच्या पालनावर देशात बंदी आहे. तो इतर मासे, बेडूक, पिल्ले सगळे खातो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही टिकतो, त्यामुळे बिघडलेल्या तळ्यात शेवटी तोच एकटा उरतो. आमचा गावठी थिगूर, म्हणजे देशी मांगूर, याच कारणाने कमी झाला आहे.

माटोळी

चवथीच्या विसर्जनाबद्दल लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर गोव्यात बंदी आहे आणि आपल्याकडे चिकण मातीच्या मूर्ती करणारे चित्रशाळावाले अजून गावोगाव आहेत, हे आपले भाग्य. रंग आणि सजावट मात्र बदलली आहे. माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीची) रानफळे, पाने आणि निर्माल्य तळ्यात टाकले जाते आणि कुजताना प्राणवायू खाते. आमच्या वाड्यावर बांधाच्या एका पायरीजवळ विसर्जन होते, निर्माल्य बाजूला ठेवले जाते आणि मुले ते माडांच्या आळ्यांत घालतात. माटोळीच्या रानफळांचे बी जपून ठेवून ते काठावरच्या झाडांच्या ओळीत लावता येईल, असे मला सुचवावेसे वाटते. ही झाडे आता रानात शोधावी लागतात.

चिरेबंदी (मडगाव)

सर्व प्रतिसाद वाचले. बांधासाठी मी असा पर्याय सुचवतो. पाण्याकडच्या बाजूला उभी भिंत न घालता दोनास एक (दोन आडवे, एक उभे) किंवा त्याहून सपाट उतार ठेवावा, त्यावर चिऱ्यांचे किंवा दगडांचे कोरडे पिचिंग (दगड बसवून केलेले अस्तर) करावे आणि सांधे सिमेंटने भरू नयेत. सांध्यांत वाळा लावावा; त्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि माती धरून ठेवतात. रोपे धरेपर्यंत काथ्याची जाळी अंथरावी, ती दोन-तीन पावसाळ्यांत कुजून जाते आणि तोवर तिचे काम झालेले असते. बांधावर मोठे वृक्ष मात्र लावू नयेत, कारण झाड उन्मळले किंवा मुळे कुजली की तिथूनच बांध फुटतो. झाडे उताराच्या बाजूला पूररेषेच्या वर असावीत.

कचऱ्याच्या वाहनांसाठी रस्त्याच्या तोंडाशी चिऱ्यांचे ठोकळे पुरतात. हे सगळे काँक्रीटच्या भिंतीपेक्षा कमी खर्चाचे आहे, आणि वाचलेल्या पैशातून व्हाळाच्या तोंडाचा लव्हाळ्यांचा पट्टा करता येईल. आराखड्यात बदल सुचवताना नुसता विरोध न करता हे रेखाचित्र जोडा. हवे असल्यास मी काढून देतो. जलस्रोत खात्याच्या अभियंत्याला अशा रेखाचित्रावर मत देणे सोपे जाते.

बांधावरून

रेखाचित्र जरूर हवे आहे, आजच संपर्क साधतो. सर्वांचे आभार. मसुद्यात उताराचा काठ न खरवडणे, ऑगस्टमधल्या रेषेवर सीमा आखणे, दोन्ही व्हाळांच्या पाण्याची तपासणी, गाळ टप्प्याटप्प्याने काढणे आणि दिवे फक्त बांधावर ठेवणे या मागण्या घालत आहे. एका गोष्टीवर मात्र माझे मत ठरत नाही. वायंगण निघाल्यावर तळ पूर्ण रिकामा करावा असे कुडतरीहून लिहिले आहे, आणि पक्षी, कासवे, मासे यांच्यासाठी मे अखेरपर्यंत थोडे पाणी असावे असेही वाटते. आमच्याकडे वायंगण करणारी मोजकीच कुटुंबे उरली आहेत. मानस कोणी आणि कधी उघडायची?

वायंगणी (कुडतरी)

जुन्या तळ्यांत बांधाजवळ एक खोल कोंड ठेवलेली असायची आणि मानशीचा तळ त्या कोंडीपेक्षा वर असायचा. मानस पूर्ण उघडली तरी कोंडीतले पाणी राहते, मासे आणि कासवे तिथे उन्हाळा काढतात, आणि बाकीचा तळ वाळतो. आपल्या तळ्यात ती गाळाने बुजली असेल; गाळ काढण्याची सुरुवात तिथूनच करा. ती सापडत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मासे धरायला उतरलेल्यांना ती जागा आठवत असते.

मानस उघडण्याचा अधिकार वायंगण करणाऱ्या कुटुंबांकडेच राहू द्या, पंचायतीच्या कर्मचाऱ्याकडे देऊ नका. ज्याचे पीक खाली उभे आहे तोच पाण्याकडे दररोज बघतो. ठरावात तेवढे लिहा की वर्षाच्या सुरुवातीला ती कुटुंबे, कोमुनिदाद आणि पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती एकत्र बसून उघडण्या-मिटण्याचे दिवस ठरवतील, आणि मानशीच्या फळ्यांची दुरुस्ती चतुर्थी झाल्यावर, सरदाची कापणी संपायच्या आत पंचायतीने करून द्यावी. फळी गळत असेल तर डिसेंबरात लावणी होते पण फेब्रुवारीत दाणा भरायच्या वेळी पाणी नसते, आणि पुढच्या वर्षी ते शेत पडीक राहते.